इंग्रजी ईमेल: पोरांना फॉर्मल-इनफॉर्मल कसं शिकवायचं

पहिल्या तासाला इंग्रजीचं नावच काढू नका. फळ्यावर तू, तुम्ही, आपण लिहा आणि विचारा, मित्राला काय म्हणता, प्रिन्सिपलना काय. हे पोरांना आधीच येतं, फक्त इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू' असल्यामुळे तो मान बाकीच्या शब्दांतून दाखवावा लागतो, एवढंच सांगायचं.

मग एकच काम द्या: दोन दिवस सुट्टी हवीय. एक मेल मित्राला, एक सरांना. मित्राला 'हाय', 'कान्ट', 'थँक्स' चालतं, सरांना 'डिअर सर', 'कॅनॉट', 'थँक यू'. क्रियापदांची जोडी पण करून घ्या, आस्क-रिक्वेस्ट, गेट-रिसीव्ह, हेल्प-असिस्ट. यातले जड शब्द फ्रेंच-लॅटिनमधून आलेत, १०६६ नंतर इंग्लंडात नॉर्मन राजे आले नि दरबारात फ्रेंच बसली त्याचा हा परिणाम, आपल्याकडे 'पाणी' आणि 'जल' असतं ना तसंच. हे सांगितलं की पोरं जागी होतात.

शेवट कसा करायचा हे ब्रिटिश पद्धतीत ठरलेलं आहे, 'डिअर सर'ने सुरुवात केली तर 'युअर्स फेथफुली', आडनावाने केली तर 'युअर्स सिन्सिअरली'.

आणि हो, 'मायसेल्फ अमुक' आणि 'डू द नीडफुल' दिसलं की लाल पेन काढा. पहिलं व्याकरणातच चुकतं, दुसरं जुनाट ऑफिसी वाटतं. फॉर्मल म्हणजे लांबलचक नाही, चार ओळी पुरतात, विषयाची ओळ मात्र रिकामी सोडू देऊ नका.