सोसायटीत मुलांसोबत पाव भाजताय? या चुका टाळा

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत दर मार्चमध्ये क्लबहाऊसला मुलं जमतात आणि पाव भाजतात. पहिल्या वर्षी वीस मुलं होती, लादी छान फुगली, सगळे खूश झाले. निघताना एका आठ वर्षांच्या मुलाला विचारलं, "पाव कशापासून होतो रे?" तो म्हणाला, "पाकिटातल्या पावडरीपासून." त्याचं काहीच चुकलं नव्हतं. आम्ही सुरुवातच मैद्याच्या पाकिटापासून केली होती.

गव्हाशिवाय सुरुवात

ही सगळ्यात मोठी चूक. ठाणे जिल्हा भाताचा, त्यामुळे आपल्या मुलांनी शेत पाहिलेलं असलं तरी ते बहुधा भाताचं. गहू रब्बीचा, नोव्हेंबरच्या सुमारास पेरायचा आणि साधारण चार महिन्यांनी काढायचा. निफाड-नाशिककडे कुणाचं गाव असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा, होळीच्या सुमारास येताना चार जुड्या ओंब्या घेऊन या. नवरात्रात घटातलं धान उगवलेलं बऱ्याच मुलांनी पाहिलेलं असतं. त्याची आठवण करून द्या आणि सांगा, हाच गहू शेतात चार महिने राहिला की त्याला ओंब्या येतात.

वाळलेली ओंबी तळहातावर चोळायची आणि हळूच फुंकर मारायची. गेल्या वर्षी एका मुलीने इतक्या जोरात फुंकलं की दाणेही उडाले. ती फरशीवर बसून एकेक वेचत राहिली. ३८ भरले. मग तिने विचारलं, "काकू, एका पावाला किती ओंब्या लागतात?" आम्ही तिथेच कागदावर हिशोब मांडला. दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, म्हणजे तिची ओंबी दीड ग्रॅमची. एका पावाला ४० ग्रॅम मैदा, त्यासाठी ५५ ग्रॅमच्या आसपास गहू. म्हणजे तिच्या ओंबीसारख्या ३६ ओंब्या! असा प्रश्न मुलाच्या तोंडून आला की बाकीचं वेळापत्रक खुशाल बाजूला ठेवा.

कुणा आजीकडे जातं असेल तर जरूर आणा. मूठभर गहू पुरतो. दळून चाळलं की चाळणीत कोंडा उरतो, तो मुलांच्या हातावर द्या. कणकेत हा कोंडा असतो. मैदा करताना कोंडा आणि अंकुर दोन्ही काढून टाकतात. मोठ्या मुलांना वाशीच्या एपीएमसीतलं दाणा मार्केटही दाखवता येईल, पण लहानांना त्या ट्रकांच्या गर्दीत नेऊ नका.

पीठ आधीच फुगवून ठेवणं

मुलं कंटाळतील म्हणून आपण सकाळीच पीठ भिजवून ठेवतो. पण यीस्ट जिवंत असतं हे मुलांना कळतं ते या वाट पाहण्यातूनच. पिठाचा एक छोटा गोळा काचेच्या बरणीत ठेवा, त्याच्या उंचीवर रबरबँड लावा आणि दर पंधरा मिनिटांनी एकेका मुलाला बघून यायला सांगा. मधल्या वेळात ओंब्या, जातं, चाळणी.

इथे घड्याळावर भरवसा ठेवू नका. आपल्याकडच्या मार्चच्या उकाड्यात पीठ तासाभरात, कधी त्याआधीच दुप्पट होतं. बोटाला पीठ लावून गोळ्यावर दाबून बघा. खळगा लगेच भरला तर अजून थांबा, हळूहळू अर्धाच भरला तर तयार. अजिबात भरला नाही तर पीठ जास्त फुगलंय. हवा काढून पुन्हा गोळे वळा आणि या वेळी लवकर भाजा.

पीठ फुगलंच नाही तर

बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. ५५-६० अंशांच्या पाण्यात यीस्ट मरतं. मनगटावर थेंब टाकला तर जेमतेम कोमट लागावं, एवढंच गरम घ्या. यीस्टमध्ये चमचाभर साखर आणि कोमट पाणी घालून दहा मिनिटं ठेवा. फेस आला नाही तर मैद्याला हात लावू नका. शेजारी दुसऱ्या पेल्यात मुद्दाम कडकडीत पाणी घालून ठेवलं तर मुलांना फरक डोळ्यांनी दिसतो.

आमचं बारा पावांचं माप: ५०० ग्रॅम मैदा, ३०० मिली पाणी, ७ ग्रॅम कोरडं यीस्ट, २० ग्रॅम साखर, ९ ग्रॅम मीठ, ३० ग्रॅम लोणी. प्रत्येक मुलाला आपापला गोळा द्या. एकच मोठा गोळा ठेवला की दोन धीट मुलं मळतात आणि बाकीची बघत बसतात. भाजताना पाव एकमेकांना चिकटतात, म्हणून ट्रेचा नकाशा काढून त्यात नावं लिहा. नाहीतर शेवटी रडारड ठरलेली.

वीज आणि पोट

ओटीजी, म्हणजे भाजायचा छोटा विजेचा ओव्हन, दीड-दोन हजार वॉटचा असतो. तो १६ अँपिअरच्या पॉइंटवरच लावा, एका एक्स्टेन्शन बोर्डवर दोन तर कधीच नाही. आमच्या क्लबहाऊसची वीज एकदा याच कारणाने ऐन भाजताना गेली होती. गव्हाची ॲलर्जी कुणाला आहे, अंडं किंवा यीस्ट कुणाकडे चालत नाही, हे आठवडाभर आधी घरोघरी विचारा. कच्चं पीठ चाटू देऊ नका, त्याने पोट बिघडू शकतं.

पाववाल्याला न बोलावणं

रोज पहाटे सायकलवरून पाव आणणारा माणूस मुलांना फक्त हाकेपुरता माहीत असतो. 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला हे आपण सांगू शकतो, पण शहर झोपलेलं असताना भट्टीपुढे काय चालतं हे त्यानेच सांगावं. सकाळी त्याला घाई असते, म्हणून दुपारी बोलवा आणि मुलांसमोर खुर्ची द्या. आमच्याकडे दादा आले, त्यांनी आमची लादी उलटी केली आणि बुडावर टिचकी मारली. कडेचे पाव पोकळ वाजले, मधला वाजला नाही. "हा आतून कच्चा आहे," ते म्हणाले, "अजून पाच मिनिटं." मुलांनी लादी परत आत ठेवली आणि ओटीजीच्या काचेसमोर मांडी घालून बसली.