मिठागराचा धडा आणि पाच ‘ई’

पाठटाचणाच्या वहीत पाच रकाने आखायचे आणि डावीकडून उजवीकडे भरत सुटायचं, ही फाइव्ह ई हे शिकवण्याचं पाच टप्प्यांचं प्रतिमान वापरायची सगळ्यात निरुपयोगी रीत. मी शेवटचा रकाना आधी भरते.

गुंतवणे, शोध, स्पष्टीकरण, विस्तार, मूल्यमापन हे ते पाच टप्पे; इंग्रजीत पाचही नावं ‘ई’ने सुरू होतात. अमेरिकेतल्या बीएससीएस या अभ्यासक्रम तयार करणाऱ्या संस्थेत रॉजर बायबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७च्या सुमारास ते विज्ञान शिकवण्यासाठी बांधले. एका तासिकेत पाचही उरकायचा आग्रह आपल्याकडे कुठून आला, देव जाणे! मी आठवडाभर पसरते.

चौथीला बाष्पीभवन शिकवायचं आहे असं धरू. आम्ही गोव्यातल्या पेडण्यातले, तेव्हा उदाहरण आगरवाड्याच्या मिठागराचं. मूल्यमापनाच्या रकान्यात ‘बाष्पीभवन म्हणजे काय?’ लिहू नका, त्याचं उत्तर घोकून येतं. मी लिहिते: ‘आईने कोकमाची सोलां पातेल्यात ढीग करून उन्हात ठेवली, काकीने सुपात पसरली. कोणाची आधी वाळतील? का?’ हे मुलांना सांगता आलं पाहिजे, एवढं ठरलं की बाकीचे रकाने आपोआप आटोपशीर होतात.

गुंतवण्याला मूठभर गावठी मीठ पुरतं. मुलांच्या हातात द्या आणि विचारा, खाडीचं पाणी आत घेतलं, मीठ बाहेर काढलं, मग पाणी गेलं कुठे? कोणीतरी हमखास म्हणतं, जमीन प्यायली. खोडून काढू नका. फळ्यावर लिहा, कारण पुढचा सगळा शोध याच वाक्याची परीक्षा आहे. मुलं या वेळी कोंकणीत बोलतात, बोलू द्या.

शोधासाठी अर्ध्या कप पाण्यात दोन छोटे चमचे मीठ विरघळवा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपलं पाणी त्याहून बरंच खारट, म्हणून मीठ ठळक दिसतं. असं पाणी जास्त करून ठेवा आणि सारख्या मापाने तीन ठिकाणी ओता: उन्हात पसरट स्टीलची ताटली, उन्हातच अरुंद पेला, आणि व्हरांड्याच्या सावलीत तशीच दुसरी ताटली. कोणतं आधी सुकेल, हे ओतण्यापूर्वी वहीत लिहून घ्या. नंतर विचारलं तर सगळेच शहाणे. उन्हातली ताटली पांढरी झाली की फळ्यावरच्या वाक्याकडे बोट दाखवायचं. स्टीलची ताटली काही पाणी पीत नाही! मग मुलंच वाद घालतात. मिठागराची जमीन मुळीच पाणी पीत नाही, असं मात्र यातून सिद्ध होत नाही; एखादं चौकस मूल हे बोललं तर त्याला दाद द्या.

‘बाष्पीभवन’ हा शब्द आता, तिसऱ्या टप्प्यात. ऊन, वारा, पाण्याचा उघडा पृष्ठभाग, आणि मीठ मागेच राहतं हे मुद्दे. दहा मिनिटं खूप झाली.

विस्ताराला मिठागरच गाठा, शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. पावसाळ्यात तिथे पाहण्यासारखं काही नाही. भरतीचं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत येतं, एका वाफ्यातून दुसऱ्यात जाताना अधिकाधिक खारट होतं आणि शेवटच्या उथळ वाफ्यांत मीठ बसतं. ते वाफे उथळ का, हे काम करणाऱ्यांनाच विचारायला मुलांना सांगा. ताटली आणि पेला आठवला तर तुमचं काम झालं. जाणं जमलं नाही तर सुकी मासळी, पापड, दोरीवरचा गणवेश यांवर भागवा.

एकशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीला ताटल्यांची राखण द्या. आणि टाचणातल्या तारखा पेन्सिलीने घाला, ढग आले तर शोध एक दिवस पुढे ढकलावा लागतो.