अंदमानचा काळा सुतार बघायचा असेल तर आधी कान तयार करा

मी सुतार. तीस वर्षं सागवानावर रंधा मारतोय. ठोका ऐकला की लाकूड भरीव की पोकळ, हे मान वर न करता सांगतो. अंदमानचा काळा सुतार पक्षी मला सापडला तो या कानांमुळे. दुर्बीण गळ्यात नुसती लोंबकळत होती.

म्हणून तिकीट काढायच्या आधी महिनाभर सकाळी आपल्या नागपूरच्या सेमिनरी हिल्सला जा. फिरायला येणाऱ्यांच्या गप्पा सुरू व्हायच्या आत पोचा. आपला सोनपाठी सुतार तिथं भेटतो. डोळे मिटून ऐका. मुंग्या-अळ्या उकरताना त्याचे ठोके सुटे, अडखळत पडतात. हद्द सांगताना एकसलग टर्रर्र वाजतं. एवढा फरक कानात बसला पाहिजे.

आता खरा पाहुणा. हा फक्त अंदमानात आहे, जगात दुसरीकडे कुठं नाही. कावळ्याएवढा, सुमारे 38 सेंटिमीटर, अंगभर काळा. कोकणातल्या काळ्या सुताराचं पोट पांढरं असतं, याचं पोटही काळंच. डोळा फिकट पिवळसर. नराच्या कपाळापासून तुऱ्यापर्यंत लाल आणि चोचीमागं गालावर लाल पट्टा. मादीचं कपाळ काळं, लाल फक्त तुऱ्याच्या मागच्या भागावर, गालावर काही नाही. घोटाळा व्हायला जागा कमी, कारण अंदमानात सुतार पक्षी दोनच जातींचे, आणि दुसरा लहानसा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा.

जानेवारी ते मार्च हा काळ बरा. पोर्ट ब्लेअरहून (2024 पासून श्री विजयपुरम) चिडिया टापू पंचवीसेक किलोमीटर. तिथं नागपूरपेक्षा तासभर आधी उजाडतं. घड्याळ बघून निघालात तर पक्षी जेवून मोकळा, बाप्पा!

चिडिया टापूच्या मुंडा पहाडच्या पायवाटेवर जुनी, जाड झाडं शोधा. 'गर्जन प्लाय' आपण आयुष्यभर विकतो, तो गर्जन मी उभा तिथंच पाहिला, मान दुखली. याला असलीच झाडं लागतात, जिवंतपेक्षा वठलेली जास्त आवडीची. घर तो त्यांच्यातच कोरतो. म्हणून मोठी झाडं पडली की हा पक्षीही जातो. (पोर्ट ब्लेअरजवळच्या चॅथम बेटावरची आरागिरणी 1883 पासूनची. अंदमानच्या पडौक लाकडाचा पलंग करताना हे कधी डोक्यात आलं नव्हतं.)

पहिल्या दिवशी फजिती झाली. ठकठक ऐकून मी वीस मिनिटं दबा धरून बसलो. शेवटी कळलं, कोणी तरी टपरीला खिळे मारतंय. सुतारानं सुताराला फसवलं! माणसाचा ठोका एका लयीत पडतो, पक्षी मध्ये थांबून ऐकतो. ती थांबण्याची जागा ओळखा.

दुसऱ्या दिवशी आधी खोडाखाली ताजा भुसा दिसला, पिवळसर, अजून ओला. वर बघितलं. शेपटी खोडाला टेकवून तो बसला होता, जशी आपण फळी गुडघ्यानं दाबून धरतो तशी. ढलपी खाली पडली ती माझ्या बोटाएवढी लांब. मग पलीकडून 'कुक-कुक-कुक' आलं. हे बहुधा जोडीनं असतात, म्हणून एक उडाला तर मागं धावू नका, तिथंच थांबा. मोबाइलवर आवाज वाजवून बोलावू नका, अंडी-पिल्लांचे दिवस असतात. माझ्या थांबण्याचं फळ पाच मिनिटांत आलं. मादी त्याच खोडावर उतरली, काळ्या कपाळाची.