आडोसाही हवा, पाखरंही हवीत: जिवंत कुंपण लावायचं कसं

हद्दीवर आडोसा हवा म्हटलं की खोटा अशोक नाहीतर कोनोकार्पस लावायला सांगतात. दोन्ही नकोत. खोट्या अशोकाची दाट रांग काही वर्षं छान दिसते. मग खालच्या फांद्या वाळतात आणि माणसाच्या नजरेच्या उंचीला नुसते बुंधे उरतात. कोनोकार्पस भराभर वाढतो हे खरं, पण तो इथला नाही, आणि गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली. सुबाभूळ लावाल तर पुढची कित्येक वर्षं तिची रोपं उपटत बसाल.

खालची निवड पुणे, सातारा, सांगलीकडच्या मध्यम पावसाच्या जमिनीसाठी आहे. हद्द १०० फूट धरली आहे.

बाहेरच्या रांगेत फक्त करवंद. बारमाही हिरवी, काटेरी, गुरं आत शिरत नाहीत. मे महिन्यात पिकली की बुलबुलांची रीघ लागते, आणि काट्यांच्या जाळीतल्या घरट्यापर्यंत मांजर सहसा पोचत नाही. आतल्या रांगेत अडुळसा १५, कढीपत्ता १५, कुंती १०, निर्गुडी १०. अडुळसा आणि निर्गुडीला शेळ्या तोंड लावत नाहीत. कढीपत्त्याला मुळांपासून फुटवे येतात, त्यामुळे बुडाशी तो आपोआप भरतो. निर्गुडी उन्हाळ्यात विरळ होते, म्हणून तिच्या एकटीच्या भरवशावर आडोसा सोडू नका. कण्हेरीला गुरं तोंड लावत नाहीत, ते ती विषारी म्हणून. घरात लहान मुलं असतील तर टाळा.

रांगेत एक झाड आड एक जात कधीच लावू नका. निर्गुडी एका पावसाळ्यात डोक्यावर जाते, करवंद पहिली दोन वर्षं जेमतेम हलते. शेजारी लावलीत तर ती सावलीत खुरटते. एका जातीची पाच-पाच झाडं सलग लावा.

उंचीसाठी आतल्या बाजूला दर २० फुटांवर एक झाड पुरे: बकुळ, करंज, भोकर, पुत्रंजीवी. भिंतीपासून १० फूट लांब. वड, पिंपळ, उंबर पाखरांना कितीही प्रिय असले तरी घराच्या भिंतीजवळ आणि पाण्याच्या टाकीजवळ नकोत.

लागवड सोपी आहे. दीड फूट रुंद, दीड फूट खोल असे दोन चर, एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत दोन फूट. माती आणि कुजलेलं शेणखत भरा. रांगेत दर दोन फुटांवर रोप, दुसऱ्या रांगेतली रोपं पहिलीच्या मोकळ्या जागेसमोर. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लावा. एकूण १०० रोपं लागतात, ११० आणा. करवंद मोठी होईपर्यंत बाहेरून तीन फुटांवर शेवरीचं बी टोका. पानमळ्यात सावलीला लावतात तीच. एका हंगामात ती आडोसा देते, तिसऱ्या वर्षी काढून टाका.

आता छाटणी. बहुतेक कुंपणं इथेच फसतात, कारण उंच वाढलेलं रोप कापायला हात धजत नाही. नर्सरीत पिशव्या खेटून ठेवलेल्या असतात, त्यामुळे रोप उजेडासाठी सरळ वर गेलेलं, एकाच काडीचं असतं. शेंडा जिवंत आहे तोवर तो बाजूचे डोळे, म्हणजे जिथून फुटवे येतात ते कोंब, दाबून ठेवतो. तो वाचवलात तर माथ्यावर दाट आणि बुडाशी उघडं असं कुंपण मिळेल, आणि बुडाची भोकं मागाहून भरणं फार अवघड जातं.

लावल्यावर महिन्याभराने, नवी पालवी दिसली की, आतल्या रांगेतलं प्रत्येक रोप जमिनीपासून वीतभर ठेवून कापा. हो, वीतभरच. खाली दोन-तीन जिवंत डोळे आहेत एवढं पाहा. तीन-चार फुटवे येतील. ते फूटभर झाले की निम्मे कापा, पुढचेही तसेच. पहिल्या पावसाळ्यात अशा दोन छाटण्या, दुसऱ्यात दोन. करवंदीला एवढं कठोर होऊ नका. शेंडा चार बोटं खुडला की पुरे. उघडीप पाहून, धारदार सिकेटरने म्हणजे छाटणीच्या कात्रीनेच कापा. भर पावसात चेचलेली काडी कुजते. फेब्रुवारी ते मे कात्री लावायची नाही, कोवळी फूट उन्हाने करपते.

आकारही चुकू देऊ नका. बुडाशी चार फूट रुंद, माथ्याशी अडीच. उलटं झालं तर वरची पानं खालच्यांचं ऊन अडवतात आणि बूड पुन्हा उघडं पडतं.

पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पाणी, बुडाशी पालापाचोळ्याचा चार बोटं थर. तो पाला झाडून जाळू नका, सातभाई त्याच्यातच किडे शोधतात. कीटकनाशक तर अजिबात नको. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, तपकिरी-पांढरी, ओलसर चकचकीत अळी दिसली तर ती फुलपाखराची आहे. पानं कुरतडेल, झाड मरणार नाही.

तिसऱ्या वर्षापासून वर्षातून एकच छाटणी, पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. एका वर्षी आतली बाजू, पुढच्या वर्षी बाहेरची, म्हणजे एका अंगाला फुलं-फळं राहतात. कात्री लावण्याआधी फांद्या हाताने बाजूला करून आत पाहा. शिंपी पक्षी दोन पानं कापसाच्या धाग्याने शिवून आत घरटं करतो, बाहेरून ते एक वळलेलं पानच वाटतं. घरटं चालू असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे तीन-तीन फूट सोडा आणि पिल्लं उडाल्यावर कापा.