मीटिंग असली की काका लॉक

2016 साली डिप्लोमा संपवून भोसरीतल्या एका कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला लागले, तेव्हा "पासवर्डचं तू बघ" असं सांगून सीनियर मोकळे झाले. सव्वाशे पीसी, एक सर्व्हर. बघायचं तरी काय त्यात, असं तेव्हा वाटलं होतं.

आधीच्या माणसाने 90 दिवसांची मुदत आणि मागचे 5 पासवर्ड लक्षात ठेवायची हिस्टरी लावली होती. किमान वय (एकदा बदललेला पासवर्ड पुन्हा बदलायला किती दिवस थांबायचं) मात्र शून्य. त्याचा अर्थ मला अकाउंट्समधल्या काकांनी शिकवला. मुदत संपली की ते ड्रॉवरमधून एक चिठ्ठी काढत. तिच्यावर पाच पासवर्ड. लागोपाठ पाच वेळा बदलायचा, प्रत्येकापुढे पेन्सिलने खूण करायची आणि सहाव्यांदा आपला जुना, आवडता पासवर्ड परत. सगळं चहा गार व्हायच्या आत.

मला चेव आला. शुक्रवारी संध्याकाळी डिफॉल्ट डोमेन पॉलिसी (सर्व्हरवरच्या सगळ्या अकाउंटना लागू होणारे नियम) उघडून हिस्टरी 24, किमान वय 1 दिवस, मुदत 42 दिवस केली. (42 का? मायक्रोसॉफ्टने मुळात तेवढीच ठेवलेली असते, म्हणून. एवढंच.) वर तीन चुकांत अकाउंट लॉक.

सोमवारी साडेनऊपासून फोन थांबेना. मुदत नव्या नियमाच्या दिवसापासून मोजत नाहीत, पासवर्ड शेवटचा बदलला त्या दिवसापासून मोजतात. ज्यांच्या पासवर्डला 42 दिवस उलटले होते, ते सगळे एका झटक्यात बाद. नवा टाकायला जावं तर विंडोज लांबी, गुंतागुंत, हिस्टरी अशी तिन्ही नावं एकाच वाक्यात घेतं. नेमकं काय चुकलं ते सांगत नाही. ज्यांना मी हाताने पासवर्ड ठेवून दिला, त्यांना तो त्या दिवशी बदलताही येईना, कारण किमान वय एक दिवस! रीसेट करताना 'पुढच्या लॉगिनला बदलणे सक्तीचे' ही खूण करायची असते, हे मला दुपारी तीनला कळलं. तुम्ही आधीच करा. आणि मुदत कमी करायची असेल तर शुक्रवारी नको, एकदम तर नकोच. आधी कोणाचा पासवर्ड किती जुना आहे ती यादी काढा.

आणखी एक खड्डा: फक्त अकाउंट्स विभागाला दहा अक्षरी पासवर्ड हवा होता, म्हणून मी त्यांच्या ओयूला (सर्व्हरवर त्या विभागाची अकाउंट आणि पीसी ठेवलेला कप्पा) वेगळी पॉलिसी जोडली. रिपोर्टमध्ये ती लागू झालेली दिसे, पण लोक सात अक्षरांवर खुशाल. डोमेन अकाउंटचे पासवर्ड-नियम डोमेनच्या पातळीवरूनच येतात; ओयूवर लावलेले त्यातल्या पीसींवरच्या लोकल अकाउंटपुरते. एखाद्या गटाला वेगळा नियम हवा तर फाइन-ग्रेन्ड पॉलिसी, सर्व्हर 2008पासून मिळते. हा प्रश्न मला पुढे दोन इंटरव्ह्यूंत आला.

सर्व्हर नसलेल्या छोट्या ऑफिसात प्रत्येक पीसीवर सेकपोल (विंडोजमधली सुरक्षा-नियमांची खिडकी) उघडून बसावं लागतं. विंडोज होममध्ये तेही नसतं. तिथे कमांड प्रॉम्प्टमधलं 'नेट अकाउंट्स' कामाला येतं.

चारेक महिने बरे गेले. मग काकांचं अकाउंट लॉक व्हायला लागलं. मी अनलॉक करायची, दोन तासांनी पुन्हा. "अगं, मी हातसुद्धा लावला नाही," काका म्हणायचे, आणि माझा विश्वास बसत नसे. शेवटी डोमेन कंट्रोलरच्या (लॉगिन तपासणाऱ्या आमच्या सर्व्हरच्या) सिक्युरिटी लॉगमध्ये इव्हेंट 4740, म्हणजे अकाउंट लॉक झाल्याची नोंद, शोधला. त्यात चुकीचा प्रयत्न कुठल्या पीसीवरून झाला त्याचं नाव असतं. नाव होतं मीटिंग हॉलच्या पीसीचं. काकांनी कधीतरी तिथे आपल्या लॉगिनने शेअर ड्राइव्ह जोडून 'पासवर्ड लक्षात ठेव'वर टिचकी मारली होती. मीटिंगसाठी कुणी तो पीसी उघडला की तो इमानेइतबारे जुना पासवर्ड सर्व्हरवर आपटायचा. चार महिने का लागले? हिस्टरी चालू असली की विंडोज लगेच मागचे दोन पासवर्ड चुकांमध्ये धरत नाही. तिसऱ्या बदलानंतर तो आवडता पासवर्ड त्या सवलतीतून बाहेर पडला.

नंतर मी लॉकची मर्यादा 3 वरून 10 केली. मुदतीवर साहेबांशी वाद घालायलाही बळ मिळालं: 2017मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका म्हटलं, 2019मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आपल्या शिफारशींतून मुदत काढली. साहेब 42वरून परत जुन्या 90वर आले, पण ऑडिटरकडे बोट दाखवून तिथेच अडले. चालायचंच.

मीटिंग हॉलच्या पीसीवर क्रेडेन्शियल मॅनेजर (विंडोज लक्षात ठेवलेले पासवर्ड ठेवतं ती जागा) उघडून ती नोंद पुसताना काका मागे उभे होते. स्क्रीनकडे वाकून हळूच म्हणाले, "म्हणजे माझा तो जुना पासवर्ड इथे अजून चालत होता की काय?"