जुना गिंबल घेताय की विकताय? आधी एवढं बघा

सध्या सेकंडहँड गिंबलचा, म्हणजे चालताना कॅमेरा हलू नये म्हणून त्याला मोटरवर तोलून धरणाऱ्या हँडलचा, बाजार नुसता भरून वाहतोय. कारण सोपं आहे, नवीन मिररलेस बॉडीत आतच स्टॅबिलायझेशन (हादरे कमी करायची सोय) येतं, त्यात २०२३ च्या ऑक्टोबरला डीजेआयचा पॉकेट ३ हा गिंबलसकट येणारा छोटा कॅमेरा आला आणि रील्सवाल्यांनी मोठे गिंबल कपाटात टाकले. लग्नाच्या ऑर्डर करणारे मात्र अजून गिंबलवरच आहेत, त्यामुळे माल निघतो पण आणि विकला जातो पण. प्रॉब्लेम एवढाच की गिंबल ही वरून बघून कळणारी वस्तू नाही. लेन्सवर बुरशी दिसते, बॉडीचा शटर काउंट निघतो, गिंबलला असं मीटर काही नसतं. तो किती फिरलाय हे मोटर आणि बॅटरीच सांगतात, आणि ती फक्त कॅमेरा चढवला की बोलतात. म्हणून पहिला नियम, स्वतःचा कॅमेरा आणि स्वतःची सगळ्यात जड लेन्स घेऊन जायचं. विकणारा म्हणाला "माझा आहे ना, त्याच्यावर दाखवतो" तरी आपलाच चढवायचा.

मॉडेल ठरवताना आधी वजनाचं गणित करा. सोनी ए७ थ्री बॉडी बॅटरीसकट ६५० ग्रॅम, त्यावर २४-७० जीएम लेन्सची पहिली आवृत्ती ८८६ ग्रॅम, म्हणजे दीड किलोच्या वर गेलात, अजून माईक आणि कॅमेरा बसवायची प्लेट धरलीच नाही. आता डीजेआयच्या गिंबलमध्ये रोनिन-एससी आणि आरएस ३ मिनी दोघांची मर्यादा २ किलो, कागदावर बसतं पण मोटरला दम लागतो. आरएससी २ आणि आरएस ३ ला ३ किलो चालतं, जुन्या २०१८ च्या रोनिन-एस ला ३.६, आरएस २ आणि आरएस ३ प्रो ला ४.५. मग मोठाच घ्यावा असं वाटेल पण थांबा, रोनिन-एस स्वतःच पावणेदोन किलोच्या वर आहे, कॅमेरा धरून सव्वातीन साडेतीन किलो हातात, ते घेऊन हळद, मग वरात, मग रिसेप्शन, दुसऱ्या दिवशी खांदा उचलत नाही. स्वस्तात मिळतो तो याच कारणाने मिळतो. ट्रायपॉडवर ठेवून किंवा दोन हातांच्या हँडलवर वापरणार असाल तर मात्र आजही पैसा वसूल आहे.

झियुन या दुसऱ्या कंपनीचं बघताना बॅटरी कोणती ते आधी विचारा. क्रेन २ मध्ये तीन १८६५० सेल (गोल लिथियम सेलचा एक साइज) लागतात, वीबिल एस मध्ये दोन, हे सेल बाहेर काढून बदलता येतात त्यामुळे जुना झाला तरी जीव राहतो. वीबिल २ किंवा क्रेन एम२ मध्ये बॅटरी आत बसवलेली, ती दमली की दुकानात उघडून घ्यावी लागते. माझं मत विचाराल तर जुना घेताना बदलता येणारी बॅटरी असलेलाच घ्यावा, फीचर दोन कमी असले तरी चालतील. फक्त विकणाऱ्याने त्यात लोकल सेल टाकलेत का ते बघा. सेलवर ९९०० एमएएच असं छापलेलं दिसलं तर तो सेल खोटा आहे हे नक्की, कारण चांगल्यातला चांगला १८६५० साधारण ३५०० च्या आसपासच असतो. असे सेल गरम होतात आणि गिंबल मध्येच बंद पडतो, नेमका मंगलाष्टकाच्या वेळी.

आता प्रत्यक्ष बघायचं कसं.

बंद असतानाच सुरुवात करा. सगळी लॉक काढून एकेक ॲक्सिस हाताने हळू फिरवा, पॅन (डावी-उजवीकडे), रोल (कडेला तिरका), टिल्ट (वर-खाली). सगळीकडे सारखं मऊ फिरलं पाहिजे. एखाद्या जागी अडकल्यासारखं, करकर किंवा खरखर लागली तर आत वाळू गेलीये नाहीतर पडलाय. किनाऱ्यावर प्री-वेडिंग करणाऱ्यांचा माल असेल, अलिबाग, गुहागर, गोवा वगैरे, तर स्क्रू आणि कनेक्टरच्या पिनांवर हिरवट किंवा पांढरा थर आहे का तो टॉर्च मारून बघा. खारं पाणी लगेच काही करत नाही, दोन तीन महिन्यांनी करतं आणि तोवर गिंबल तुमच्या घरी आलेला असतो. अजून एक आपली खास खूण म्हणजे जॉयस्टिकच्या बुडाशी आणि बटणांच्या फटीत पिवळा रंग. विकणारा म्हणतो "दोनतीनदाच वापरलाय" आणि फटीत हळद भरलेली, मग काय ते समजून घ्या. हळद असणं वाईट नाही, खोटं बोलणं वाईट, आणि तिथून भाव खाली आणायला सुरुवात करायची.

मग कॅमेरा चढवा आणि बंद असतानाच नीट बॅलन्स करा, घाई नको. बॅलन्स झाल्यावर कॅमेरा जिथे सोडाल तिथेच थांबला पाहिजे. आर्म सरकवायचे स्क्रू घट्ट बसतात का, प्लेट लॉक केल्यावर हलते का, हे त्याच वेळी कळतं. घासलेले आर्म चालतील, पण लॉक करूनही आर्म सरकत असेल तर तो गिंबल कॅमेरा पाडणार.

आता चालू करा आणि ऑटो ट्यून मारा, म्हणजे वजन बघून मोटरची ताकद तो स्वतः ठरवतो. ट्यूनच्या वेळी मोटर थरथरते ते नॉर्मल आहे. नंतर शांत झाल्यावर कान लावा. सतत गुंगुं आवाज येत असेल तर दोन शक्यता, बॅलन्स चुकलाय किंवा मोटरची ताकद जास्त ठेवलीये, बॅलन्स परत करून ताकद कमी करा. तरीही आवाज तसाच राहिला आणि हात लावला की कंप जाणवत असेल तर नमस्कार करून निघा. मोटर बदलण्याचा खर्च जुन्या गिंबलला परवडत नाही, आणि पार्ट मिळेपर्यंत सीझन संपतो.

मग टेबलावर ठेवून चहा घ्या. दहा पंधरा मिनिटं चालूच राहू दे. या वेळात तीन गोष्टी होतात, बॅटरीचा टक्का किती पडतो ते दिसतं, क्षितिज हळूहळू वाकडं होतं का ते कळतं, आणि जॉयस्टिकला हात न लावता कॅमेरा आपोआप एका बाजूला वळायला लागतो का ते पण कळतं. क्षितिज थोडं वाकडं असेल तर घाबरू नका, बऱ्याचदा कॅलिब्रेशनने, म्हणजे सेन्सर परत सेट केल्याने, जातं, पण ते कॅलिब्रेशन त्याच्याकडून तिथेच करून घ्यायचं, "घरी जाऊन करा, होतं" यावर पैसे द्यायचे नाहीत. आपोआप वळणारा मात्र बऱ्याचदा जॉयस्टिकचा रोग असतो.

शेवटी उठून चाला. ८५ एमएमची लेन्स असेल तर तीच लावा, वाइडवर सगळे गिंबल चांगलेच दिसतात. पायऱ्या उतरा, पॅनला पूर्ण गोल फिरवा, खाली उलटा धरा, उभ्या मोडला न्या, आणि क्लिप जागच्या जागी मोठ्या स्क्रीनवर बघा, निदान टॅबवर तरी. बारीक थरथर कॅमेऱ्याच्या छोट्या डिस्प्लेवर दिसतच नाही. कोपरे डुगडुगत असतील तर आधी बॉडीचं स्टॅबिलायझेशन बंद करून परत शूट करा, वाइड लेन्सवर ते आणि गिंबल एकमेकांशी भांडतात, दोष गिंबलचा नसतो.

ॲप जोडणं विसरू नका. डीजेआयचे गिंबल पहिल्यांदा ॲपमधून ॲक्टिव्हेट करावे लागतात, आणि कॅलिब्रेशन, फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) पण बहुतेकांचं ॲपमधूनच. विकणाऱ्यासमोर स्वतःच्या फोनला ब्लूटूथने जोडा, फर्मवेअर कुठलं आहे ते बघा. "ब्लूटूथ जरा चालत नाही, बाकी मस्त आहे" असं कोणी म्हटलं तर बाकी मस्त असण्याला अर्थ नाही.

ॲक्सेसरीजमध्ये खरे पैसे लपलेले असतात, यावर लोक लक्षच देत नाहीत. क्विक रिलीज प्लेट, म्हणजे कॅमेरा पटकन बसवायची-काढायची प्लेट, हरवली असेल तर ती आधी हिशोबात धरा. आरएस २ ला वरची आर्का-स्विस आणि खालची मॅनफ्रोटो पद्धतीची, अशा दोन प्लेट येतात, बॅगेत एकच निघाली तर दुसरीचे पैसे कापा. कॅमेरा कंट्रोलची केबल तुमच्या बॉडीची आहे का? कोणाला मिनी यूएसबी लागते, कोणाला मायक्रो, कोणाला टाइप सी, सोनीची जुनी बॉडी असेल तर मल्टी पोर्टची, चुकीची केबल असेल तर गिंबलवरून रेकॉर्ड बटण चालणार नाही. फोकस मोटर (लेन्सची फोकस रिंग फिरवणारी) जुनी घेताना गिअरचे दात बघा आणि लेन्सला लावायच्या पट्ट्या आहेत का विचारा. उलट एक्स्टेंशन रॉड, दुहेरी हँडल, मॉनिटरचा आर्म, काउंटरवेट हे सगळं जुनं बिनधास्त घ्या, लोखंड आणि ॲल्युमिनियम आहे, त्यात बिघडायचं काय? आट्या खाल्लेल्या नाहीत ना एवढं स्क्रू फिरवून बघायचं.

हाच नियम मेकॅनिकल, म्हणजे बिनमोटरच्या, स्टॅबिलायझरला, फ्लायकॅम, ग्लाइडकॅम वगैरे. गॅरेट ब्राउनने सत्तरच्या दशकात सिनेमाचा कॅमेरा स्थिर धरणारा स्टेडिकॅम काढला तेव्हापासून तत्त्व तेच, वजन आणि बेअरिंग. बॅटरी नाही, ॲप नाही, पंधरा वर्ष जुना पण चालतो. हँडलजवळचं बेअरिंग फिरवून बघा, खालच्या वजनाच्या चकत्या सगळ्या आहेत का मोजा, आणि बॅलन्स झाल्यावर दांडा आडवा करून सोडा, साधारण दोन ते तीन सेकंदात सरळ आला पाहिजे. फक्त शिकायला वेळ लागतो, आणि तो वेळ न दिल्यामुळेच तर लोक काढून टाकतात, आपला फायदा.

मोबाईलच्या गिंबलवर फार बोलत नाही. डीजेआयच्या ओएम ४ पासून पुढच्यांना चुंबकाचा क्लॅम्प असतो, तो हरवलेला असेल तर घेऊ नका, आणि ओएम ४ ला फोन २९० ग्रॅमपर्यंतच चालतो, म्हणजे मोठा फोन, जाड कव्हर आणि वर लेन्स असं जमणार नाही. बॅटरी आत असते, चार पाच वर्ष जुना असेल तर फुकट मिळाला तरच घ्या.

भाव कसा ठरवायचा? जुन्या बिलावरची किंमत विसरा, विकणारा तीच धरून बसतो. त्याच क्षमतेचा आजचा नवीन मॉडेल केवढ्याला आहे ते बघायचं. माझा हिशोब असा की वॉरंटी संपलेला, पूर्ण किट, चालू कंडिशन असेल तर त्याच्या निम्म्याच्या आसपास, एक पिढी मागे असेल तर अजून खाली, आणि त्यातून हरवलेल्या प्लेट, केबल, दमलेली बॅटरी वजा. आणि वेळ बघा, यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. चातुर्मासात लग्नं नसतात, आषाढ ते भाद्रपद बऱ्याच जणांच्या हातात पैसे नसतात आणि गिंबल पडून असतात, घ्यायचं तेव्हा. मध्ये गणपतीच्या आगमनाच्या शूटसाठी मुंबई पुण्यात थोडी मागणी चढते तेवढी सोडून. विकायचं तर नवरात्रीपासून दिवाळीपर्यंत, तुळशीचं लग्न लागलं की सगळ्यांना एकदम गिंबल हवा असतो आणि तेव्हा घासाघीस करायला कोणाला वेळ नसतो.

कुठे घ्यायचा? मुंबईत सीएसएमटीजवळ बोरा बझार आहे, तिथे दोन रुपये जास्त जातील पण समोर दुकान असतं, चेकिंगची थोडी मुदत मागता येते. ती मुदत बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. ओएलएक्स, मार्केटप्लेस आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वस्त मिळतो पण मूळ बिल किंवा निदान विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि सिरीयल नंबर टाकलेली सहीची चिठ्ठी घ्या. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणारा पण अडकतो, त्यामुळे बॉक्स नाही, बिल नाही, चार्जर नाही आणि भाव निम्म्याच्या निम्मा, असलं डील सोडून द्यायचं. "मी आर्मीत आहे, बदली झाली, आधी थोडे टाका, पार्सल पाठवतो" हा जुना खेळ अजून चालूच आहे. आणि विकणाऱ्यांनो तुमच्यासाठी, पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन टाकावा लागत नाही, कोणी सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन.

विकताना फोटो दिवसाच्या उजेडात काढा, घासलेली जागा जवळून दाखवा, चालू गिंबलचा एक मिनिटाचा सलग व्हिडिओ टाका, सिरीयल नंबरचे शेवटचे आकडे झाका. फटीतली हळद जुन्या टूथब्रशने काढा, पाण्याने धुऊ नका प्लीज. प्लेट, केबल, चार्जर सगळं एका फोटोत मांडून ठेवा, "लास्ट किती" विचारणारे निम्मे लोक त्यानेच गप्प बसतात. फोकस मोटर आणि जादा हँडल किटमध्ये फुकट देऊ नका, वेगळे विका, वेगळे जास्तीला जातात. फोनमधल्या ॲपमधून डिव्हाइस काढून टाका.

बाहेरगावी पाठवायचा असेल तर ॲक्सिस लॉक करून मूळ फोममध्येच ठेवा. रोनिन-एस ला लॉक नाहीत, त्याची मूळ केस नसेल तर प्रत्येक आर्म कापडाने बांधल्याशिवाय पाठवू नका. कुरियरला आत लिथियम बॅटरी आहे हे सांगून जमिनीच्या मार्गाने पाठवा, सुटे सेल प्लास्टिकच्या डबीत, टोकांना टेप लावून. कोल्हापूर-मुंबई, नागपूर-पुणे असं असेल तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल टाकणं लोकांना सोपं वाटतं, चालतं, पण पावती घ्या, गाडी नंबर आणि ड्रायव्हरचा फोन समोरच्याला पाठवा आणि त्याला सांगा की पार्सल सीलपासून उघडताना सलग व्हिडिओ काढ, मध्ये कट नको. पॅक करतानाचा तुमचा व्हिडिओ पण ठेवा, त्यात सिरीयल नंबर दिसला पाहिजे, नाहीतर परत दुसराच गिंबल येतो आणि मग भांडत बसा.