‘बाय मंडे’ की ‘टिल मंडे’?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी एक्स्पोर्टचा पत्रव्यवहार बघतो. नवीन लागलो तेव्हा एका गिऱ्हाइकाला लिहून बसलो, ‘वी विल सेंड सॅम्पल्स टिल मंडे.’ उत्तर आलं, सोमवारनंतर का थांबवताय? त्याच्या लेखी आम्ही सोमवार येईस्तोवर रोज सॅम्पल धाडत राहणार होतो! मालक आठवडाभर मला ‘या टिल मंडे, चहा घ्या’ म्हणत होते.

घोळ आपल्या ‘पर्यंत’चा आहे. ‘सोमवारपर्यंत माल देतो’ आणि ‘सोमवारपर्यंत लूम बंद आहेत’, मराठीचं दोन्हीकडं एकाच शब्दावर भागतं. इंग्रजीचं भागत नाही. एकदाच उरकायचं काम असेल तर ‘बाय’. चालू किंवा बंद अवस्था तोवर टिकणार असेल तर ‘टिल’. ‘अनटिल’ही तेच.

मी आधी मराठीतच चाचपून बघतो. ‘पर्यंत’ काढून ‘उशिरात उशिरा’ घालायचं. ‘उशिरात उशिरा सोमवारी हेमिंग (टॉवेलच्या कडांची शिलाई) संपेल’ बसतं, म्हणून ‘बाय मंडे’. ‘उशिरात उशिरा सोमवारी लूम बंद आहेत’ हे काही बसत नाही, म्हणून ‘टिल’. पूर्वी ‘सोमवारच्या आत’ घालून बघायचो, पण त्यात सोमवारच निसटतो. ‘बाय मंडे’त सोमवार धरलेला असतो.

नकार आला की जपून. ‘द टॉवेल्स वोन्ट बी रेडी टिल मंडे’ म्हणजे सोमवारआधी नाही, सोमवारी तयार. ‘वोन्ट बी रेडी बाय मंडे’ म्हणजे सोमवार उलटला तरी तयार नाही, पुढं कधी ते सांगितलेलंच नाही. पहिलं वाचून गिऱ्हाईक गाडी ठरवतं, दुसरं वाचून फोन करतं.

आणि नुसतं ‘बाय मंडे’ लिहू नका, वाजले किती आणि कुणाच्या घड्याळात तेही लिहा. लंडन आपल्यामागं हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. तिथली संध्याकाळ धरून बसलात तर इथं रात्रपाळी सुरू झालेली असते.

‘टिल’मध्ये शेवटचा दिवस धरायचा की नाही, यावर इंग्रजीवालेही वाद घालतात. म्हणून जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या सुट्टीचा मेल करताना मी ‘क्लोज्ड टिल 16’ लिहीत नाही. ‘वी रीओपन ऑन 17 जानेवारी’, एवढंच.